मागच्या सीटवरचा आवाज

सांगतो, पण मध्ये काही विचारू नका. गोष्ट भरदुपारची आहे. सुप्याला पुणे रस्त्यावर माझं गाड्यांना टेप-स्पीकर बसवायचं दुकान आहे, तिथली.

मार्चमधला शनिवार होता. सकाळची शाळा सुटल्यावर सिल्व्हियाबाई त्यांची पांढरी गाडी घेऊन आल्या. मला सातवीत त्यांनीच शिकवलेलं. त्यांचे मिस्टर, जॉनसर, डिसेंबरात वारले. मी मातीला गेलो होतो. बाई तेव्हा रडल्या नव्हत्या, एवढं लक्षात राहिलं.

"पंकज, बेस वाढवून दे," त्या म्हणाल्या. "वाढेल तेवढा."

माझ्याकडे बेस वाढवायला येतात ती एमआयडीसीतली नव्या नोकरीची पोरं. रिटायर व्हायला आलेली शिक्षिका ही पहिलीच. मला हसू आलं.

"बाई, तुम्ही ऐकणार भक्तीची गाणी. एवढा बेस कशाला?"

"मागचं काही ऐकू येता कामा नये."

मला वाटलं, डिकीत काहीतरी खडखडत असेल. सगळं उघडून बघितलं. काही सैल नव्हतं. फक्त मागच्या सीटला बामचा वास होता, आत्ताच कुणी छातीला चोळल्यासारखा.

डिकीत बारा इंची वूफर बसवला, सीटखाली अँप्लिफायर. तीन तास गेले. बाई तेवढा वेळ गाडीकडे पाठ करून स्टुलावर बसल्या होत्या. पेपर तपासत होत्या, पण पान काही उलटत नव्हत्या.

काम झाल्यावर आम्ही पारनेर रस्त्याला चक्कर मारायला निघालो. मी चालवत होतो, बाई शेजारी. काचा वर घेतल्या, गाणं लावलं. बेस असा लागला की आरसा थरथरायला लागला. बाईंनी डोळे मिटले. बऱ्याच दिवसांनी झोप लागावी तसा त्यांचा चेहरा सैल पडला.

मग ठेक्याच्या खाली मला आणखी काहीतरी ऐकू आलं. कण्हल्यासारखं. नवा वूफर घासतोय की काय, म्हणून मी बेस कमी केला. कण्हणं बारीक झालं. वाढवला, तर तेही वाढलं. अजून वाढवला... आणि त्याला शब्द फुटले.

"सिल्व्हिया... आवाज कमी कर..."

गाडी कशी थांबवली मला आठवत नाही. मागं वळून बघितलं. सीट रिकामी होती.

"तुलाही आलं ऐकू," बाई म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

मग समोरच्या रस्त्याकडे बघत सांगायला लागल्या.

"त्या दिवशी सकाळीच आमचं भांडण झालं होतं. दुपारी म्हणाले, छातीत दुखतंय. तीस वर्षं, भांडण झालं की यांना काहीतरी दुखायचंच. तरी मी त्यांना नगरला दवाखान्यात न्यायला निघाले. मागं आडवे पडून कण्हत होते. मला वाटलं, सोंग. मी रेडिओ मोठा केला. ते म्हणाले आवाज कमी कर... मी आणखी मोठा केला. केडगावला बंद केला, तर मागं शांत. झोपले असतील म्हटलं. बरं वाटलं मला, पंकज."

मी गाडी दुकानाकडे वळवली.

"इतके दिवस नुसती कुजबुज होती," त्या म्हणाल्या. "तू त्यांना आवाज दिलास."

दुकानावर येऊन मी सगळं काढलं. वूफर, अँप्लिफायर, टेपसुद्धा. बाईंनी थँक्यू म्हटलं नाही, मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर त्या परत आल्या. गाडीतून उतरल्या नाहीत. खूप वाळल्या होत्या. मी खिडकीशी गेलो.

"अजून हाका मारतात?"

"नाही. आता मागं दोघं बोलतात."

"दोघं...?"

"दुसरा आवाज बाईचा आहे. माझाच."

ऊन चटके देत होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

"भांडत नाहीत रे," बाई सांगत होत्या. "चहात साखर जास्त झाली का, मोगऱ्याला पाणी घातलं का, असलंच काहीतरी बोलतात. इतकं गोड आम्ही कधी बोललोच नाही. मी मध्ये बोलले की दोघं गप्प होतात. जशी मीच परकी."

"बाई, विकून टाका गाडी."

"मग हे तरी कुठं ऐकायला मिळेल?"

त्या काच वर घ्यायला लागल्या. तेवढ्यात मागच्या सीटवर कुणीतरी हलकंच हसलं. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर आवडलं की सिल्व्हियाबाई हसायच्या, अगदी तसंच.

बाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते.