भरून आलेली टाच

झेंडूचे क्रेट भरून टेम्पोत चढवले, की गुरुवारी मी घरात येऊन खिडकीवर गोधडी टांगायची. प्रांजलला अंधार लागायचा. पाठीवर काळी बॅग लावून ती यवतच्या स्टँडवर उतरायची आणि रिक्षानं वस्तीवर यायची. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीनं तिला धाडलेलं, जखमेवरचं नवं औषध घेऊन. फुकट होतं. फुकट म्हणजे आधी आमच्यावर करून बघायचं, एवढं मला कळत होतं. तरी सही केली. दुसरं हातात काय होतं?

संपत, माझा नवरा, सणसवाडीला ठेकेदाराकडून पत्र्याच्या प्रेसवर कामाला होता. बुटाच्या तळातून पत्र्याची कपची टाचेत घुसली. साखरेनं पाय बधिर झालेला, त्याला कळलंच नाही. मोज्याला वास यायला लागला तेव्हा कळलं. ठेकेदारानं तोंडावर सांगितलं, हा माणूस आमच्याकडं नव्हताच. हायवेवरच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढला आणि पिवळ्या पिशवीत बांधून माझ्या हातात दिला. भाजी दिल्यासारखा.

माणसाचा अवयव उकिरड्यावर टाकत नाहीत, मातीला देतात. माझा दीर रोहिदास आणि मी, आम्ही तो झेंडूच्या वाफ्याच्या टोकाला पुरला. खड्डा आखूड पडला. बांधावरून बाया येताना दिसल्या म्हणून घाईघाईत तळवा वर करूनच तो आत कोंबला, खडेमीठ टाकलं आणि माती ओढली.

आता गुडघा वाचवायचा होता. गुडघा राहिला तर नकली पायावर चालता येईल, नाहीतर जन्मभर खाट, असं डॉक्टर म्हणाला होता. खालचा खुंट काही भरत नव्हता.

"कातडीचा धागा तीन पेडांचा असतो, ताई. सुतळीसारखा पिळलेला. त्याला कोलॅजन म्हणतात," प्रांजलनं पहिल्या दिवशी सांगितलं. "जखमेत तो पीळ उसवतो. हे पेप्टाइड म्हणजे लॅबमध्ये केलेला एक सुटा पेड. धड कातडीला तो चिकटत नाही. उसवलेला धागा शोधतो आणि त्यालाच जाऊन बिलगतो. निळ्या टॉर्चमध्ये हिरवा दिसतो. जेवढं हिरवं, तेवढं उसवलेलं. भरून आणायचं औषधही त्यालाच जोडलंय."

"म्हंजी बरा झालो की विझणार?" संपतनं विचारलं.

"हो, काका."

"विझव मग लवकर. लोकांच्यात दिवाळीला पणती लावत्यात, आमच्यात विझवायची."

तो हसला. पाय गेल्यापासून पहिल्यांदाच हसला.

प्रांजलनं खुंटावर फवारा मारला, थोडा वेळ जाऊ दिला, खारट पाण्यानं धुतलं आणि टॉर्च लावला. जखमेची कड हिरवी पेटली. मग टॉर्च खाली सरकला आणि तिथंच थांबला.

खुंटाच्या खाली, पाय असता तर जिथं असता, तिथं चादरीवर हिरवं होतं.

"औषध सांडलंय," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी मी धुतलेली चादर घातली. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिनं कोरं रेक्झिन आणलं आणि फवारा न मारता ब्रशनं औषध लावलं. तरीही ते उमटलं. आता आकार कळत होता. पाच बोटं, तळवा, आणि टाचेत एक लख्ख हिरवं भोक. संपत उताणा पडलेला आणि तळवा मात्र वर.

तो कसा ठेवला होता, हे फक्त मला आणि रोहिदासला माहीत होतं.

प्रांजलनं फोटो काढून कंपनीला पाठवले. लेन्स पुसा, असं उत्तर आलं.

"पाय नसला तरी मेंदूला तो जाणवतो, काका," ती संपतला समजावायची, कारण तो सारखा बोटांवर वजन आहे म्हणायचा. मलाही ते पटलं होतं. पण एका सकाळी मी झेंडूच्या वाफ्याला ठिबकचं पाणी सोडून घरात आले, तर तो कण्हत होता. "वल्लं लागतंय गं. बोटांच्या बेचक्यात चिखल गेलाय. पूस की."

मी पदरानं रिकामी चादर पुसली. काय करणार?

नंतरच्या गुरुवारी टाचेतलं भोक लहान झालेलं दिसलं. त्याच्या पुढं आणखी लहान. तळवा कडेनं विझत चालला होता. "जखम छान भरतीये, ताई," प्रांजल बोलून गेली. ती बघत होती चादरीकडं. खुंट तर गुडघ्यापर्यंत हिरवा पेटला होता.

औषध लागू पडत होतं. आमच्या माणसाला नाही.

डॉक्टरनं मांडीतून कापायची तारीख दिली. त्या दुपारी मी रोहिदासला फावडं घ्यायला लावलं.

"वहिनी, कशाला उकरायचा? सडून गेला असंल त्यो."

"सडला असंल तर बरंच हाय. नसंल तर जाळून टाकू."

"आन् दादाला काय सांगायचं?"

"काय बी सांगू नका."

वर ऊन होतं. हायवेवर ट्रकांचा आवाज चालूच होता. माती भुसभुशीत लागली. मिठाचे खडे तसेच होते. वास नव्हता. आधी बोटं दिसली. नखं वाढलेली. मी हातानं माती बाजूला केली. टाचेत बाळाच्या गालासारखी कोवळी, गुलाबी कातडी आली होती. भोक नव्हतं. वणही नव्हता.

रोहिदास वरच्या बाजूनं उकरत होता. त्याचा हात थांबला.

"वहिनी."

"काय?"

"गुडघा हाय."

पाय गुडघ्याखालून कापला होता. खड्ड्यात गुडघा होता. गुडघ्याच्या वर कातडी नीट मिटलेली.

रोहिदास फावडं टाकून बांधाला गेला. मी पोटरीवर तळहात ठेवला. पोटरी कोमट होती.

फोन वाजला. संपत.

"कुठं हायस?"

"रानात."

"मग हितं पोटरीला कुणी हात लावलाय? लय गार हाय गं हात."

मी हात काढला.

"आता काढला बघ," तो म्हणाला.

रोहिदास पंपाचं डिझेल घेऊन आला. "पेटवतो."

"भाजंल कुणाला?" मी विचारलं.

त्यानं डिझेल खाली ठेवलं. मी खड्डा लांब केला, तळवा खाली करून पाय सरळ निजवला आणि वर माती लोटली. संध्याकाळी संपत म्हणाला, बरं वाटतंय, कूस बदलल्यासारखं.

मांडीतून कापलं. दवाखान्यानं पिशवी पुढं केली, ती मी घेतली नाही. चहापाण्याचे पैसे मागणाऱ्या वॉर्डातल्या मामाला म्हटलं, तुमचं तुम्ही काय करायचं ते करा. कंपनीनं ट्रायल गुंडाळली. प्रांजल फोन उचलत नाही. डॉक्टर आता कमरेचं बोलतो, माझ्याकडं न बघता.

संपत हलका झालाय. उचलून उन्हात ठेवायला मला कुणाची मदत लागत नाही. वाफ्याच्या टोकाची माती फुगत चाललीये, गड्याएवढी लांब झालीये. तिथं मी झेंडू लावला नाही. पाणी मात्र सोडते. का सोडते, ते मला विचारू नका. एका बाजूला निम्मा उरलेला नवरा आहे आणि दुसऱ्या बाजूला जे आहे त्याला काय म्हणायचं, हे सांगणारा कुणी डॉक्टर असेल तर त्यानं यावं. चहा पाजीन.

काल सकाळी खाट दारात आणली. ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं होतं. डोळे सताड उघडे.

"अनिता," तो म्हणाला, "मला एवढ्या अंधारात का ठेवलंयस?"