रुमाल टाकलेली जागा

दूध आटायला अजून वेळ आहे, तोवर सांगतो. नचिकेत, तो मोबाईल उपडा ठेव. ओवी, तू अशी उजेडात बस, नाहीतर उद्या तुझी आई म्हणेल चंद्रकांतकाकांनी पोरीला घाबरवलं. गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो सिद्धेश आमच्या समोरच्या घरात भाड्याने राहायचा, इथेच, बागबाजारला. तीन वर्षांपूर्वी अशीच कोजागिरी होती.

सिद्धेश मूळचा साताऱ्याचा, कोलकात्यात आला तो नोकरीसाठी, हावड्याला एका खासगी कंपनीत. संध्याकाळी त्याच्या बायकोचा, शर्वरीचा फोन गेला. "सगळं आणलंय रे, जायफळच राहिलं. येताना आण, आणि लवकर ये. मंडळाची माणसं जमली की मी एकटी काय काय बघू?"

ऑफिसातून सुटायलाच साडेनऊ झाले. एक दुकान उघडं सापडलं, जायफळाची पुडी घेतली आणि स्टँडवर आला. त्या रात्री बंगाल्यांच्या घरोघरी लक्ष्मीपूजा, त्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नाही. बस मात्र लगेच आली. जुनी, लाकडी बाकांची. एकच खिडकी रिकामी दिसली. मग काय, सातारकरच तो! बस थांबायच्या आत खिडकीतून निळ्या चौकड्यांचा रुमाल टाकला आणि जागा धरली. शर्वरी नेहमी हसायची त्याच्या या सवयीला.

रुमालावरच बसला, वारा लागला म्हणून काच ओढून घेतली, आणि बस पुलावर आली. वर चांदणं नुसतं सांडलं होतं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बसमध्ये कुणी बोलत नाही. अरे, कोलकात्याची बस आणि गप्प? भाड्यावरून वाद नाही, फुटबॉलवरून भांडण नाही. जो तो खिडकीबाहेर बघतोय.

एवढ्यात मागून आवाज आला. "छाडुन… छाडुन ना…"

सोडा, सोडा ना, म्हणे. त्याने वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर एक मुलगी, तुझ्याहून थोडी मोठी असेल, ओवी. तिच्या दोन्ही बाजूंना चौघं जण. एकाने तिची ओढणी हाताला गुंडाळली होती. दुसरा मोबाईल तिच्या तोंडासमोर धरून हसत होता. ती अंग चोरून चोरून एवढीशी झाली होती, आणि थेट सिद्धेशकडे बघत होती.

तो अर्धा उठला… आणि थांबला. भ्याला, दुसरं काय! आपण परक्या गावचे, भाषा धड येत नाही, ते चौघं, घरी शर्वरी एकटी. शिवाय शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. एवढी माणसं आहेत बसमध्ये, उठेल कुणीतरी. असं म्हणत तो खाली बसला. बरी माणसं अशीच खाली बसतात, बाळांनो.

पुढच्या बाकावरचे म्हातारे गृहस्थ, त्यांची पाठ त्याच्याकडे होती, ते हळूच म्हणाले, "बाइरे देखुन."

बाहेर बघा, म्हणे.

त्याने बाहेर पाहिलं. काचेत बसच्या आतलं सगळं दिसत होतं. बाकं दिसत होती. तो स्वतः दिसत होता. मागे ती मुलगी दिसत होती. पण बाकी माणसं… काचेत कुणीच नव्हतं.

मान वळवायला गेला.

मान वळेना.

"बाइरे देखुन," म्हातारे पुन्हा म्हणाले. अगदी मायेने.

काचेतली मुलगी अजून त्याच्याकडेच बघत होती. मान लाकडासारखी होत चालली. त्याला कळून चुकलं. आत्ता उठलो नाही, तर इथून कधीच उठायचं नाही.

त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं. आणि वळवलं. कळ मस्तकात गेली.

"ए! सोडा तिला!"

मराठीतच ओरडला. ते चौघं हसायचे थांबले. बाकी कुणी हललं नाही. त्याने म्हाताऱ्यांचा खांदा धरला. "दादा, उठा! कुणीतरी उठा!" खांदा वळला. छाती वळली.

तोंड वळलं नाही.

ते खिडकीकडेच राहिलं…

ते चौघं उठले. सिद्धेशला बंगाली एक शब्द आठवेना. रोज कानावर पडणारी कंडक्टरची हाक तेवढी ओठावर आली, बाई उतरायची असली की बस पुरती थांबवायला मारतात ती. त्याने पत्र्यावर थाप मारली.

"आस्ते! लेडीज!"

बस थांबली.

चौघं जागच्या जागी थिजले. मुलगी उठली. ओढणी सोडवून घेतली. चालत त्याच्यापाशी आली, आणि रागाने नाही, दमलेल्या आवाजात म्हणाली,

"एतो देरि केन, दादा?"

इतका उशीर का, दादा.

ती उतरली. पाठोपाठ त्याने उडी टाकली. रस्त्यावर… कुणी नव्हतं. लांबवर फक्त चांदणं.

बस हलली. प्रत्येक खिडकीत एक तोंड. सगळी त्याच्याकडे बघत गेली. एक खिडकी तेवढी रिकामी.

घरी आला तेव्हा गच्चीवर आम्ही सगळे होतो. मुठीत पुडी तशीच. सगळं सांगितलं, आणि घाम पुसायला खिशात हात घातला. मग दुसरा खिसा चाचपला, मग शर्टाचा…

रुमाल तिथेच राहिला होता. आणि रुमाल टाकलेली जागा कुणाची असते, नचिकेत?

"ज्याचा रुमाल त्याची, काका."

हं.

रात्रभर आम्ही त्याच्याच घरी थांबलो, कुणी झोपलं नाही. शर्वरीने त्याचा हात सोडला नाही. पहाटे दूधवाल्याने बेल वाजवली, मीच दार उघडायला गेलो. जिन्यात बंगाली शेजारणीने तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावलं काढली होती, आत येणारी. शेवटच्या पावलावर, सिद्धेशच्या उंबऱ्याशी, निळ्या चौकड्यांचा रुमाल होता.

चुरगळलेला. मी उचलला.

गरम होता, ओवी. त्याच्यावरून कुणीतरी नुकतंच उठल्यासारखा.