हत्ती पेलणारा पाइप

बाहेर.

खाडीकाठच्या गॅस केंद्रात दोन पाइप शेजारी शेजारी. जुना गंजून तांबडा, नखाने खरवडला तर पापुद्रे सुटतात. नवा चकचकीत. यातला फुटणार कोणता?

नियंत्रण कक्षाच्या काचेतून शर्वाणीनेही जुन्याकडेच बोट दाखवलं.

नवा पाइप तिच्या बाबांनी निवडलेला. सगळ्यात कठीण पोलाद. "यावर हत्ती नाचवा," असं ते जेवतानाही सांगत. आज त्यातल्या गॅसचा दाब वाढवायचा होता. बाबा व्हॉल्व्हपाशी उभे होते, पाइपाला टेकून.

आत.

गांडूळ (पाइपातून सरपटत भिंती तपासणारा रोबो) नियंत्रण कक्षातल्या स्पीकरवर बोलत होता. "जुना काल पाहिला. गंज वरवरचा, भिंत जाड. आता नव्यात आहे. गंज नाही. गंज नाही. गंज..."

गांडूळ थांबला.

"भेग. केसाएवढी बारीक. भिंतीत अर्ध्याहून खोल."

बाहेर.

नियंत्रण कक्षात शेजारीच बसलेली शर्वाणीची आत्या धातुशास्त्रज्ञ. तिचा चहा टेबलावर कलंडला, तिला कळलंही नाही. तिने माइक ओढला.

"दादा, व्हॉल्व्हला हात लावू नकोस. लांब हो. गॅस इथून बंद करतेय."

"चेष्टा करतेस? अगं, या पाइपावर..."

"हत्ती राहू दे. लांब हो."

बाबा मागे सरकले. गॅस थांबला. शर्वाणी पडद्यावरच्या भेगेकडे झुकली. "पण गंज तर कुठेच नाही."

आणखी आत. लोखंडाच्या अणूंमध्ये.

"या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड आहे (सडक्या अंड्यांसारखा वास येणारा विषारी वायू)," आत्या म्हणाली. "ओलावा मिळाला की तो पोलादाला भिडतो. त्यातून हायड्रोजनचे अणू सुटतात. सगळ्यात लहान अणू. ते थेट पोलादात शिरतात. त्यात दाबाने भिंत ताणलेली. मऊ पोलाद जरासं ताणलं जातं, सोसतं. फार कठीण पोलादाला ते जमत नाही."

"मग?"

"तडकतं. न गंजता."

बाहेर.

बाबा आले. पडद्यावरची भेग पाहून खुर्चीत बसले.

"मी तिथेच टेकून उभा होतो," ते म्हणाले.

शर्वाणीने त्यांचा हात धरला. गार पडला होता.

"पुढचा पाइप मऊ पोलादाचा," आत्या म्हणाली. "आणि त्यातही गांडूळ फिरत राहील."

"आणि हत्ती?" शर्वाणीने विचारलं.

बाबा हसले, अर्धंच. "हत्ती घरी."

आत.

"मी अजून इथेच आहे," गांडूळ म्हणाला. "पुढचा पाइप येईपर्यंत थांबायचं का?"