वरण निवतंय

अप्पांनी दोन ताटं वाढली, मिठाशेजारी लिंबाची फोड ठेवली आणि ओट्याजवळचं बटण दाबलं. भिंतीतल्या स्पीकरमधून माईंचा आवाज घरभर घुमला, "पानं घेतलीयेत गं, उठा आता! वरण निवतंय!"

माई जाऊन बरेच दिवस झाले होते. त्या असतानाच वैजयंतीने गंमत म्हणून त्यांची हाक टिपून ठेवली होती. सांगलीच्या या घरात जेवणाची वेळ अजून त्याच हाकेने होई, आणि सगळे पानावर बसल्याशिवाय घास घ्यायचा नाही हा माईंचा शिरस्ताही अप्पांनी मोडला नव्हता.

वैजयंती शेजारच्याच खोलीत होती, पण ती बोगद्यात, म्हणजे कंपनीच्या बंदिस्त जोडणीत होती. कानात दोन मणी घालून डोळे मिटले की मेलबर्नचं ऑफिस भोवती उभं राही. तिचं प्रत्येक अक्षर कुलूपबंद होऊन थेट कंपनीत जाई, आणि तेवढा वेळ घरच्या जाळ्याशी नातं तुटे. एरवी दारावरची घंटा आणि माईंची हाक याच मण्यांत उतरत, बोगद्यात मात्र काहीच शिरत नसे. हेर फ्रीजमधूनही घुसतात, असं कंपनीचं म्हणणं. "आमच्या फ्रीजमध्ये घुसायला जागा तरी कुठाय?" असं अप्पा म्हणत.

ती बाहेर आली तेव्हा वरणावर साय धरली होती. अप्पा पानासमोर घामाने निथळत बसले होते आणि त्यांचे हात थरथरत होते. तिने घाईघाईने त्यांना साखरपाणी पाजलं.

"इन्सुलिन घेऊन असं उपाशी बसायचं, अप्पा? मला हलवायचं नाही का?"

"मध्ये उठवलं की तुझ्या नावावर नोंद होते म्हणालीस ना," अप्पा पुटपुटले. "आणि हिनं हाक मारली होती. म्हटलं, येशीलच."

वैजयंतीला रडूच फुटलं.

संध्याकाळी तिने सुरक्षाप्रमुख टंकसाळेंकडे घरवाट मागितली. घरवाट म्हणजे कंपनीचं सगळं बोगद्यातूनच जाणार, पण घरातल्या वस्तूंपुरती एक छोटी खिडकी उघडी राहणार. टंकसाळे मूळचे वाईचे, पण आयुष्य मेलबर्नात गेलेलं. "नियमात बसत नाही," ते कोरडेपणाने म्हणाले. "भोक पाडलं तर मग तो बोगदा कसला?"

वैजयंतीने ती वाट चोरून उघडली. नोकरी गेली तर जाऊ दे, बाप जायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. घाईत एक चूक मात्र झाली. वाट फक्त आत येण्यापुरती हवी होती, ती दोन्ही बाजूंनी उघडी राहिली.

दुसऱ्या दिवशी भर बैठकीत, सगळ्यांच्या कानांत, माई कडाडल्या, "पानं घेतलीयेत गं, उठा आता! वरण निवतंय!"

गोरी मंडळी इकडेतिकडे पाहू लागली. टंकसाळेंनी बैठक थांबवली, बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"कोण होत्या त्या?"

"माझी आई, सर. ती आता नाही. वडील पानावर थांबलेत, मी गेल्याशिवाय जेवत नाहीत."

टंकसाळे इतका वेळ इंग्रजीत बोलत होते. ते आता एकदम मराठीतच बोलू लागले. "आमची आत्या अशीच ओरडायची. आम्ही नदीवर असायचो, तिथपर्यंत आवाज यायचा. इथं आल्यापासून मला कुणी पानावर बोलावलं नाही हो. आपलं आपण गरम करायचं आणि उभ्याउभ्या खायचं."

"सर, चूक झाली माझी."

"झालीच. जा, आधी जेवून या. वडील थांबलेत." त्यांनी वाट बंद करायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. "हे मला बंद करावंच लागेल. पण उद्या, तुमच्या आईंची हाक येऊन गेल्यावर केलं तर चालेल का?"