रुसलेली फाईल

भुताला अंधार लागतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा शिरूरच्या बसस्टँडामागं भर दुपारी तीनला येऊन बसावं. दोन हजार सातचं साल, वैशाखाचं ऊन, आणि पूनमच्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिकेचं काम. यात घाबरण्यासारखं काय आहे, सांगा बरं!

पूनमनं रांजणगावच्या कंपनीतलं पॅकिंगचं काम सोडून जुना लॅपटॉप घेतला होता आणि हे दुकान टाकलं होतं. दुकान बसलं तर पुन्हा कंपनीची बस आणि आठ तास उभं राहणं तिच्या कपाळी होतंच. म्हणून संपतमामा लेकीच्या, सोनमच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले तेव्हा तिला अगदी हायसं वाटलं. मोठं खटलं, चारी बाजूंच्या गावांत पाव्हणे. पहिली पत्रिका उद्या सकाळी जेजुरीला खंडोबापुढं ठेवायची होती, म्हणजे फाईल आज पाचच्या आत छापखान्यात हवी. पाचला लाईट जायची. एवढं काम हातून बिघडलं असतं, तर त्या साऱ्या गावांतलं एकही गिऱ्हाईक तिच्या पायरीला फिरकलं नसतं.

कच्ची फाईल तिनं कालच करून ठेवली होती. आज निमंत्रकांची नावं घातली, गणपती बसवला आणि सेव्ह केलं. लॅपटॉप म्हणाला, ‘ॲक्सेस डिनाइड.’ परवानगी नाही.

“करतं कवाकवा असं,” ती संपतमामांना म्हणाली.

फाईलच्या प्रॉपर्टीज उघडून तिनं ‘रीड ओन्ली’ची टिक काढली. पुन्हा बघते तर टिक जागच्या जागी. फाईलला दुसरं नाव दिलं. परवानगी नाही. पेनड्राईव्हवर टाकायला गेली. परवानगी नाही. मशीन बंद करून चालू केलं, सगळा मजकूर नव्यानं टाईप केला, दोनदा केला. कसलं काय! आणि शेजारचीच बारशाची पत्रिका मात्र गुमान सेव्ह होत होती.

शेवटी तिनं दौंडच्या जयसिंगला फोन लावला. लॅपटॉप त्यानंच दुरुस्त करून दिला होता.

“सेफ मोडमधी जा,” जयसिंग म्हणाला. “आता सिक्युरिटी. ओनर म्हणून कुणाचं नाव हाय?”

“नाव न्हाई. नुसता लांबलचक नंबर हाय.”

“म्हंजी त्या माणसाचं खातं पुसलं गेलंय. माणूस जातो, नंबर ऱ्हातो. तुमचं नाव निवडा, अप्लाय मारा.”

तिनं मारलं. पूनमचं नाव आलं, क्षणभर टिकलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत पुसलं जाऊन पुन्हा तो नंबर आला.

“दादा... परत आला...”

जयसिंग घाईघाईनं म्हणाला, “ताई, हितं रेल्वेचा लई आवाज येतोय, मागनं बोलू.” पूनमला पलीकडं पंख्याचासुद्धा आवाज आला नव्हता.

तेवढ्यात तिच्या पाठीमागचं गिऱ्हाइकाचं स्टूल करकरलं. कुणी जड माणूस टेकल्यावर करकरतं तसं. संपतमामा तर दारात उभे होते. आणि कुठूनसा ओल्या घोंगडीचा, तंबाखूचा वास आला. त्या उन्हात!

पायरीवर बसलेल्या गिताबाईंनी नाक वर केलं. संपतमामांबरोबर आलेली ही त्यांची थोरली वहिनी, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या मल्हारआबांची बायको.

“संपतभावजी, ह्यांचं नाव घातलंय का पत्रिकेत?”

संपतमामा घुटमळले. “न्हाई घातलं. थोरल्या पोरीच्या लग्नात तिसऱ्या नंबरला छापलं, तर आबा रुसलं ते मरूस्तवर बोललं न्हाईत. म्हणलं, आता कुठंबी छापलं तरी तेच. आन् गेलेल्या माणसाला काय कळतंय...”

“कळतंय की! आलेत बघा.” गिताबाईंनी त्या रिकाम्या स्टुलाकडं बघून पदर सारखा केला. “पोरी, पयलं घाल. सगळ्यांच्या वर.”

पूनमनं ‘कै. मल्हार’ असं वर घातलं आणि सेव्ह दाबलं. परवानगी नाही. मागं स्टूल जोरात करकरलं.

“त्ये म्होरं काय लिवलंस?”

“कै. म्हंजी कैलासवासी, मावशी.”

“काढ त्ये! जित्तेपणी नुसतं आजारी म्हणलेलं खपत न्हवतं त्यांस्नी.” मग स्टुलाकडं वळून, “आन् तुमी वो! लेकराचं लगीन हाय, बास करा आता!”

पूनमनं ‘कै.’ खोडलं. फाईल अशी सेव्ह झाली की जणू कधी अडलीच नव्हती.

पाचच्या आत काम छापखान्यात गेलं, रात्री गठ्ठा दुकानात आला. एक पत्रिका संपतमामांनी जेजुरीसाठी नेली, बाकीच्या परत येताना न्यायच्या होत्या. चला, दुकान तरलं! पूनम कित्येक दिवसांनी निवांत झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी संपतमामांचा फोन आला.

“ताई, गठ्ठ्यातली पत्रिका कुणाला दिली का?”

“न्हाई मामा. सुतळीबी सुटली न्हाई अजून.”

“मग नवलच हाय! जेजुरीवरनं पाटसला आलो, तर धुरपदाआत्याच्या भिंतीला आपली पत्रिका. म्हणती, मल्हार सवता देऊन गेला. च्यासुदिक घेतला न्हाई. म्हणला, एक बारीक दुरुस्ती ऱ्हायलीय, दुपारी पूनमकडं जाऊन बसतो.” संपतमामा खदखदून हसले. “आत्याचं वय झालंय वो!”

पूनमला हसू येईना. ‘एक बारीक दुरुस्ती’ ऐकून कुठल्याही डीटीपीवाल्याचा जीव घाबरा होतो, पण हे निराळंच होतं. तिनं फोन कानाला धरूनच लॅपटॉपकडं पाहिलं. फाईल उघडी होती. तिनं उघडली नव्हती. स्क्रीनवर भंडाऱ्याचं एक पिवळं बोट उमटलं होतं, मल्हारआबांच्या खालच्या नावावर.

“हॅलो? काय दुरुस्ती असंल वो ताई?” संपतमामा अजून हसतच होते.

कर्सर त्यांच्याच नावाच्या अलीकडं लुकलुकत होता, आणि तिथं एक अक्षर आणि एक टिंब मावेल एवढी जागा आधीच करून ठेवलेली होती.