भट्टीजवळचं व्होल्टेज

कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी फ्यूज घ्यायला मी विजेच्या सामानाच्या दुकानात शिरले, तेव्हा एक तरुण दुकानदाराशी हुज्जत घालत होता.

"दोनशे तीस व्होल्ट येतात हो, मी स्वतः मोजलेत! तरी कप भाजायची भट्टी पुरेशी तापत नाही."

"भट्टी चालू ठेवून मोजलेत का?" मी विचारलं. न विचारता बोलायची मला सवय नाही... पण बोलून गेले.

तो वळला. कोपरापर्यंत वाळलेली माती, नजर सरळ. "बंद असताना. चालू असताना वेगळे येतात?"

"येऊ शकतात."

"मग चला!" म्हणाला आणि ओशाळला. "म्हणजे... याल का? परवा सकाळी गिऱ्हाईक भट्टी न्यायला येतंय. नंतर मी दूरच्या फरशीच्या कारखान्यात नोकरीला."

"जा मॅडम," दुकानदार म्हणाला, "महिनाभर माझं डोकं खातोय."

घरामागच्या वेगळ्या खोलीत त्याची भट्टी होती. आधी त्यानं वही दाखवली. सतरा भाजण्या, सतराही फसलेल्या. तारीख, तास, झिलई कुठे फिकी राहिली... सगळं नोंदलेलं. सबब एकही नाही. विद्यार्थ्यांच्या शेकडो वह्या मी तपासल्यात, इतकी प्रामाणिक वही पाहिली नव्हती. मी ती जरा जास्तच वेळ हातात ठेवली.

मग भट्टी लावून मीटर धरला. भट्टीजवळ व्होल्टेज दोनशे, करंट दहा अँपिअर.

"दोनशे भागिले दहा, रोध वीस ओहम. भट्टीच्या पाटीवर लिहिलाय तेवढाच. भट्टी ठणठणीत आहे," मी म्हणाले. "पण दोनशे गुणिले दहा, शक्ती फक्त दोन हजार वॅट. पूर्ण दोनशे तीस मिळाले तर करंट साडेअकरा होईल, शक्ती सव्वीसशेच्या वर. तुमची भट्टी पाऊणच चालतेय."

"आणि बाकीचे तीस व्होल्ट?"

"वाटेत गेले. वायरला हात लावून बघा."

वायर बारीक, लांबलचक, तीन ठिकाणी जोडलेली... आणि चांगलीच गरम.

"इतकी लांब कशाला ओढलीत?"

दारातून त्याची आई म्हणाली, "माझ्यामुळे गं. मला उकाडा सोसेना, म्हणून भट्टी घरातून इकडे हलवली त्यानं."

"आई, पुरे."

"पुरे काय? खरं तेच सांगतेय!"

तो मीटरकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे.

दिवस मावळायच्या आत त्यानं मी सांगितलेल्या मापाची जाड वायर टाकली. दुसऱ्या दिवशी भाजणी झाली, तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं. कप निळेशार, ओल्या दगडासारखे चमकत होते.

त्यानं वाकून एकेक कप निरखला. मग हळूच म्हणाला, "पण एका भाजणीवर नोकरी सोडायची?"

"एका रीडिंगवरून निष्कर्ष काढू नये," मी म्हणाले. "म्हणून भट्टीसाठी थांबा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासाठी... थांबाल?"

"हे आधी का नाही बोललात?"

"तेव्हा तुम्ही हरलेले होतात. त्या भरात 'हो' म्हणाला असतात, ते मला नको होतं."

बाहेर गिऱ्हाइकाच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. तो गेला, आणि मुद्दाम मोठ्यानं बोललेलं मला आतपर्यंत ऐकू आलं.

"माफ करा, भट्टी विकायची नाही. आणि मी कुठं जातही नाही!"

परत आला तो हसतच. भट्टीतला एक कप काढून त्यानं माझ्यापुढे धरला.

"सांभाळून हं... गरम आहे."

"असू दे," मी म्हणाले, आणि दोन्ही हातांनी घेतला.