टेपचं दुसरं टोक

भुताबितांवर माझा विश्वास नाही, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, आणि तू आधी त्या कठड्यावरून खाली उतर. हे आमच्या साडूंच्या बाबतीत घडलंय. साडू इतका सरळ माणूस, की थाप मारायची म्हटली तरी त्यांना धड मारता यायची नाही.

ते अपघाताच्या जागेची मोजणी करायचे. सरकारी नोकरी, खिशात कायम पत्र्याची टेप. सायकलवाल्याच्या बाजूने गाडी काढताना मध्ये दीड मीटर जागा सोडायची, असा त्यांच्याकडे कायदा. सोडली नाही तर ड्रायव्हर आत. सोडली की नाही, ते साडूंच्या आकड्यावर ठरायचं.

एक नर्स रात्रपाळी संपवून सकाळी सायकलवरून घरी निघाली होती. पाण्याचा टँकर शेजारून गेला, त्याच्या हवेच्या झोताने ती डगमगली आणि मागच्या चाकाखाली आली. जागच्या जागी गेली. साडूंनी नेहमीसारखं मोजलं, सायकलच्या चाकाच्या खुणेपासून टँकरच्या चाकाच्या खुणेपर्यंत. एकशे बावन्न सेंटीमीटर. ड्रायव्हर सुटला.

तिचा नवरा शिंपी. कचेरीत तीन खेपा घातल्या बिचाऱ्याने. तिसऱ्यांदा म्हणाला, "साहेब, आम्ही माप अंगाचं घेतो, पावलांच्या ठशांचं नाही. तिचं हँडल मोजलंत का? टँकरचा आरसा केवढा बाहेर येतो, ते मोजलंत का?"

साडूंनी नव्हतं मोजलं. रस्त्यावर खूण उमटते ती फक्त चाकाची, म्हणून अठ्ठावीस वर्षं ते चाकापासून चाकापर्यंतच मोजत आले होते. त्यांच्या हातून असे किती जण सुटले असतील, देव जाणे! शिंप्याच्या अपिलाची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला संपत होती. आणि जागेवर जाऊन पुन्हा मोजल्याशिवाय आकडा बदलला, तर तो वर टिकला नसता.

तर अठरा नोव्हेंबर, सोमवार. रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं. दिवसा त्या रस्त्यावर टेप टाकायची सोय नाही. "अर्ध्या तासात आलोच," असं बायकोला सांगून साडू एकटेच निघाले. अपघाताच्या दिवशी रंगवलेले पिवळे गोल अजून दिसत होते. सायकलच्या गोलावर टेपचं टोक ठेवून त्यांनी वर दगड ठेवला. एरवी ते धरायला शिपाई असतो. मग दोन पावलं मागे सरून ते टँकरच्या गोलापाशी उकिडवे बसले आणि टॉर्च लावला. एकशे बावन्न. आता यातून आरसा आणि हँडल वजा करायचं होतं.

ते मान खाली घालून फॉर्म भरत होते.

टेप ताठ झाली.

वाटलं, वारा असेल. वारा नव्हता.

साडूंनी हलकेच हिसडा दिला. पलीकडून तसाच हिसडा आला...

टॉर्च फिरवला. दगड बाजूला पडलेला. टेपचं टोक जमिनीवर नव्हतंच. वर होतं. अधांतरी. जिथे सायकलचं हँडल येतं, तेवढ्या उंचीवर...

टेप डबीत सरकू लागली. साडूंनी अंगठ्याने दाबून धरली होती. तरीही. एकशे चाळीस... एकशे दहा... ब्याण्णव.

थांबली.

"बाई," साडू म्हणाले. "बाई, चुकलं माझं."



त्यांनी कसंबसं ब्याण्णव लिहिलं. सही केली.

टेप पुन्हा सरकली. साठ... तीस... दहा...

टोकाचा पत्रा त्यांच्या बोटांना लागला. गार. आणि वास आला... दवाखान्यातला.

हातातून टेप, फॉर्म, पेन, सगळं गळून पडलं. साडूंनी डोळे घट्ट मिटले. किती वेळ, ते त्यांनाही सांगता येत नाही. उघडले तेव्हा रस्ता मोकळा. फॉर्म उचलला, घडी करून खिशात कोंबला आणि धूम ठोकली.

सकाळी अकराला पाच कमी असताना फॉर्म मोठ्या साहेबांच्या टेबलावर. शेजारी शिंपी उभा.

"ब्याण्णव?" साहेब म्हणाले. "म्हणजे ड्रायव्हरचीच चूक." शिंप्याचे डोळे भरून आले.

मग साहेबांची नजर खाली गेली. मोजताना टेपचं दुसरं टोक ज्याने धरलं, त्याचीही सही लागते. ती जागा रिकामी नव्हती.

"हा काय चावटपणा? मेलेल्या बाईची सही?"

शिंप्याने वाकून बघितलं. "तिचीच आहे," एवढंच म्हणाला.

संपलं सगळं. खोटा कागद म्हणून फॉर्म रद्द, अपील निकालात, साडू घरी. टँकर आजही त्याच रस्त्याने धावतो, आणि मोजणी आजही चाकापासून चाकापर्यंतच होते. बिचारीने मदत करायला म्हणून टोक धरलं, आणि त्यानेच नवऱ्याची केस बुडाली. मला याचं फार वाईट वाटतं रे.

साहेबांनी तो कागद रागारागाने बाजूला लोटला, तेव्हा त्यांचा अंगठा निळा झाला. जवळजवळ बारा तास होऊन गेले होते. कागद घडी करून खिशात होता...

सही अजून ओली होती.